पिकअपच्या मागचं दिसत नाही : कॅमेरा लपवून बसवा, पण बसवा

टोमॅटोचा हंगाम भरात असताना पिंपळगाव बसवंतला, किंवा उन्हाळ कांदा निघाला की लासलगावला, लिलावाच्या आधी आवारात अर्धा तास उभं राहिलं तरी एक गोष्ट लक्षात येते. इथे गाड्या पुढे कमी आणि मागे जास्त चालतात. रांगेत लावायला मागे, मापाला मागे, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करायला पुन्हा मागे. "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या" असा ओरडा सगळीकडून चालू असतो आणि हौद्यावर दोनदा थाप पडली की ड्रायव्हर ब्रेक दाबतो. थाप मारणारा माणूस जागेवर असेल तर ठीक. तो चहाला गेला असेल तर ड्रायव्हर खिडकीतून मुंडी बाहेर काढतो, एका बाजूचं बघतो आणि दुसरी बाजू देवाच्या भरवशावर सोडून गाडी मागे घेतो.

बाजार समितीत निदान सगळी मोठी माणसं असतात. मळ्यातल्या वस्तीवर तसं नसतं. पेठ, सुरगाण्याकडून दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला, डिपिंगला येणारी कुटुंबं लेकरांना सोबत घेऊन येतात. आई-बाप बागेत, आणि लेकरं जिथे सावली तिथे. उन्हाच्या वेळी बांधावर सर्वांत गार सावली कुठली, तर उभ्या पिकअपच्या मागची. घरच्या नातवंडांचंही तेच. गाडी अंगणात उभी असली की पोरं फाळक्याला लोंबकळतात, चाकाजवळ मातीत खेळतात. गाडी सुरू झाल्याचा आवाज त्यांना नवा नाही, त्यामुळे त्या आवाजाने ती उठून पळतीलच असं नाही.

गेल्या काही वर्षांत गावोगावच्या वायरिंगवाल्यांकडे पिकअपला मागचा कॅमेरा बसवून मागणारे वाढलेत. त्यातल्या बऱ्याच जणांची मागणी एकच असते : बसव, पण दिसला नाही पाहिजे. यामागची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. कारण कॅमेरा कुठे लपवायचा यावरच तो कामाला येणार की नुसता शोभेला राहणार, हे ठरतं.

पहिलं कारण चोरीचं. रात्रभर आवारात किंवा रस्त्याच्या कडेला गाडी उभी असते. बॅटरी, डिझेल, स्टेपनी जिथे सोडत नाहीत तिथे दोन स्क्रूवर बसलेला कॅमेरा कोण सोडणार? दुसरं कारण मालाच्या धक्क्याचं. क्रेट चढवताना, गोण्या ओढताना, फाळका धाडकन सोडताना बाहेर आलेली कुठलीही वस्तू महिनाभर टिकत नाही. तिसरं कारण कोणी तोंडाने सांगत नाही, पण ते सर्वांत खरं आहे. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला कॅमेरा लावला की चौकात टोमणा बसतो, "काय भाऊ, गाडी मागे घेता येईना का आता?" कारवाल्याला कॅमेरा असला तर ती श्रीमंती, आणि पिकअपवाल्याला असला तर ते कच्चेपण. हे चुकीचं आहे, पण आहे. तेव्हा टोमण्याच्या भीतीने कॅमेरा न बसवण्यापेक्षा लपवून बसवलेला केव्हाही बरा.

आरशात काय दिसत नाही

कारमध्ये बसलेल्या माणसाला मधल्या आरशात मागची काच आणि त्यापलीकडचा रस्ता दिसतो. पिकअपमध्ये हौदा भरला, वर ताडपत्री आली, की मधला आरसा हा देवाचा फोटो चिकटवायलाच उरतो. राहिले बाजूचे दोन आरसे. ते गाडीच्या दोन्ही कडा आणि त्याबाहेरचं दाखवतात. गाडीच्या बरोब्बर पाठीमागे, हौद्याच्या रुंदीएवढा जो पट्टा असतो, तो त्यात येतच नाही. त्या पट्ट्यात उभा मोठा माणूस दिसत नाही, तर बसलेलं लेकरू काय दिसणार! बाजूचे गोल आरसे लावले तरी हा पट्टा आंधळाच राहतो, हे जुन्या ड्रायव्हरलाही पटकन मान्य होत नाही. खात्री करायची असेल तर भरलेल्या गाडीच्या मागे सहा फुटांवर मधोमध एक रिकामं क्रेट ठेवा आणि सीटवर बसून ते शोधा.

आता वेगाचं बघू. "हळूच घेतो मागे" असं सगळेच म्हणतात. हळू म्हणजे ताशी ५ किलोमीटर धरा, माणसाच्या चालण्याएवढं. या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १.४ मीटर सरकते. कोणी ओरडलं, ते कानावर पडलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद गेला तरी गाडी २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट मागे गेलेली असते. गाडीमागे सावलीत बसलेल्या मुलाचं अंतर त्याहून कमी असतं. म्हणजे ओरडण्यावर विसंबून चालत नाही, आधी दिसलं पाहिजे.

कायदा कारला आधी पोचला

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रवासी कारना मागे घेताना सूचना देणारे सेन्सर सक्तीचे झाले. ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्ट आणि वेग यांची सूचना देणारी घंटी आणि हे सेन्सर, असं सगळं एकाच नियमात आलं. हा नियम एम-१ वर्गासाठी, म्हणजे माणसं नेणाऱ्या कारसाठी होता. आपल्या पिकअप, छोटा हत्ती वगैरे साडेतीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्या एन-१ या वेगळ्या वर्गात मोडतात. शिवाय सेन्सर आणि कॅमेरा या दोन गोष्टी आहेत. सेन्सर टूंटूं वाजून काहीतरी आहे एवढं सांगतो. ते क्रेट आहे, भिंत आहे की पोर आहे, हे सांगत नाही. बाजारात चहूबाजूंनी माणसं असताना तो सारखाच वाजतो, आणि सारखं वाजणाऱ्या गोष्टीकडे माणूस लवकरच दुर्लक्ष करायला शिकतो. कॅमेऱ्यात निदान चित्र दिसतं.

अमेरिकेत ही गोष्ट कशी झाली ते बघण्यासारखं आहे, कारण तिथे पिकअप हे घराघरातलं वाहन आहे. २००२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर कॅमेरॉन गुल्ब्रान्सन नावाचा दोन वर्षांचा मुलगा घरासमोरच, वडील गाडी मागे घेत असताना चाकाखाली आला. वडील स्वतः बालरोगतज्ज्ञ. म्हणजे निष्काळजी, दारू पिऊन गाडी हाकणारा असा कोणी नव्हता. त्या मुलाच्या नावाने तिथल्या संसदेने कायदा केला आणि २००८ मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. पण प्रत्यक्ष नियम निघायला २०१४ उजाडलं आणि सगळ्या नव्या गाड्यांना कॅमेरा सक्तीचा झाला तो १ मे २०१८ पासून. सहीपासून धरलं तरी दहा वर्षं. मधल्या काळात मुलं गमावलेल्या आईबापांना सरकारच्या विरोधात कोर्टात जावं लागलं.

तो नियम १० हजार पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार टनांच्या आतल्या सगळ्या गाड्यांना आहे, पिकअप धरून. आपल्या रस्त्यावरची पिकअप भरल्या वजनाने त्या मर्यादेत सहज बसते. त्याच वजनाची गाडी तिकडे कॅमेऱ्याशिवाय शोरूममधून बाहेर पडत नाही. युरोपीय संघानेही जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना मागचं ओळखणारी यंत्रणा, कॅमेरा किंवा सेन्सर, सक्तीची केली आहे.

तिकडचे आकडे मात्र डोळे उघडून वाचले पाहिजेत. नियम करताना अमेरिकी सरकारने सांगितलं होतं की गाडी मागे घेताना तिथे वर्षाला सरासरी २१० माणसं मरतात आणि सुमारे १५ हजार जखमी होतात. मृतांमध्ये ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं आणि २६ टक्के सत्तरी ओलांडलेली माणसं. आणि सगळ्या गाड्यांना कॅमेरा लागल्यावर वर्षाला जीव किती वाचतील, याचा त्यांचाच अंदाज होता ५८ ते ६९. म्हणजे तिघांत एक. कॅमेरा लावला की झालं, असं सांगणाऱ्या दुकानदाराला हा आकडा ऐकवावा. ड्रायव्हरने पडद्याकडे बघितलंच नाही, भिंगावर चिखल होता, मूल शेवटच्या क्षणी बाजूने पळत आलं, अशा वेळी कॅमेरा काही करू शकत नाही. पण तिघांतलं एक वाचणार असेल आणि खर्च दोन-तीन हजारांचा असेल, तर त्यात विचार करायला फार काही उरत नाही.

आपल्याकडे असा नेमका आकडा हाती लागणं अवघड आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ सालात देशभरात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात आणि १ लाख ६८ हजार ४९१ मृत्यू नोंदले आहेत. त्यात 'मागून धडक' असा प्रकार आहे, पण ती धडक मागच्या गाडीने पुढच्या गाडीला दिलेली. शिवाय हे रस्त्यावरचे अपघात. अंगणात, खळ्यात, कांदा चाळीसमोर, बागेच्या बांधावर जे घडतं ते या हिशोबात येणं कठीण. त्यात गाडी घरची आणि मूलही घरचं असलं की गाव ती गोष्ट मिटवून घेतं. आकडा नाही म्हणून धोका नाही, असं त्यावरून कोणी समजू नये.

मिटवून घेतलं तरी कायदा मिटत नाही. हयगयीने मृत्यू झाला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या दंडविधानात ३०४-अ खाली ती दोन वर्षांपर्यंत होती. गाडी बाप चालवत होता की चुलता, याने कलम बदलत नाही. विम्याचं आणखी वेगळं. थर्ड पार्टी विमा सार्वजनिक जागेतल्या अपघातासाठी सक्तीचा आहे, आणि खासगी आवार हे सार्वजनिक जागा धरायचं की नाही यावर कोर्टात वाद होतात. म्हणजे घरातलं माणूस गेल्यावर वर वकिलाच्या फेऱ्या.

लपवायचा कुठे

कॅमेरा लपवायच्या तीन-चार जागा सगळे सुचवतात. त्यातली जी सर्वांत सोपी वाटते तीच सर्वांत अडचणीची आहे : नंबरप्लेट. बाजारात नंबरप्लेटच्या चौकटीतच बसवलेला किंवा प्लेटच्या वरच्या कडेवर चढवायचा कॅमेरा मिळतो. बघायला सुबक दिसतो. पण आता जुन्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागली आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना ती सक्तीची केली, चारचाकी आणि मोठ्या वाहनांना जीएसटी सोडून ७४५ रुपये दर ठरला आणि २०२५ मध्ये मुदत पुन्हा पुन्हा वाढवत न्यावी लागली. ही प्लेट एकदाच बसणाऱ्या लॉकने जखडलेली असते. ती काढायला गेलं की लॉक तुटतं. तेव्हा कॅमेऱ्यासाठी त्या प्लेटला भोक पाडणं, लॉक उचकटणं किंवा वर चौकट चढवून आकडे झाकणं, यातलं काहीही करू नये. दोन हजारांचा कॅमेरा लावून दंडाची पावती घ्यायचं काही कारण नाही. प्लेटच्या वर जो दिवा असतो, त्याच्या शेजारच्या पत्र्यावर जागा असेल तर तिथे बोटाएवढा कॅमेरा बसतो. फक्त त्याने दिव्याचा उजेड अडायला नको.

दुसरी जागा फाळका. कंपनीच्या महागड्या परदेशी पिकअपला कॅमेरा फाळक्याच्या हँडलमध्ये असतो, ते व्हिडिओ बघून इथेही कोणी कोणी तसं मागतो. आपल्या गाडीचा फाळका दिवसातून दहा वेळा आपटतो. त्यातून नेलेली वायर बिजागरीपाशी दुमडून दुमडून तुटणार हे नक्की. आणि फाळका खाली सोडला की कॅमेरा बघणार जमिनीकडे किंवा चेसीकडे. जिथे रोज माल भरायचा आहे तिथे फाळक्याचा विचार सोडलेला बरा.

तिसरी जागा हौद्याच्या तळाखालची मागची आडवी पट्टी. चोराच्या नजरेत येत नाही, क्रेटचा धक्का बसत नाही, वर पत्र्याचं छप्परही मिळतं. लपवायला ही जागा झकास. पण हिचा एक दोष बसवताना लक्षात येत नाही आणि पहिल्याच दिवशी खळ्यावर कळतो. फाळका उघडून खाली लोंबत सोडला की तो बरोबर कॅमेऱ्यासमोर पडदा धरतो. माल खाली करायला गाडी लावताना फाळका आधीच सोडायची आपल्याकडे सवय आहे. म्हणजे नेमकं ज्या वेळी मागे माणसं उभी असतात, त्याच वेळी पडद्यावर पत्रा दिसणार. यावर उपाय दोन. एकतर गाडी पूर्ण लागल्यावरच फाळका सोडायचा, ही सवय बदलणं. ती बदलणार नसेल तर कॅमेरा आणखी खाली, मागच्या गार्डच्या आतल्या अंगाला, लोंबत्या फाळक्याच्या टोकाखाली घ्यायचा.

खाली घेतला की चिखल आला. पावसाळ्यात शिवारातल्या रस्त्याने एक फेरी झाली की भिंग लिंपून जातं. लपवणं आणि दिसणं यातली ही ओढाताण कुठल्याच गाडीत पूर्ण सुटत नाही. जितका कॅमेरा आत, तितका सुरक्षित आणि तितकाच आंधळा. मग काय करायचं? कॅमेऱ्याच्या वर इंचभर पत्र्याची टोपी लावायची, चाकाच्या सरळ रेषेत न बसवता मधोमध बसवायचा आणि ड्रायव्हरच्या दारात एक ओलं फडकं कायम ठेवायचं. सकाळी काच पुसतो तसं भिंग पुसायचं. घेताना खोक्यावर आयपी ६७ किंवा आयपी ६८ लिहिलेलं बघा. हा आकडा धूळ आणि पाणी किती अडतं ते सांगतो. तरीही प्रेशरने गाडी धुताना पाण्याची धार सरळ भिंगावर धरू नये.

वायरिंगमध्ये फसवणूक होते ती अशी

कॅमेऱ्याचं काम मुळात सोपं आहे. रिव्हर्स गिअर टाकला की मागचा पांढरा दिवा लागतो. त्याच दिव्याच्या वायरवरून कॅमेऱ्याला करंट मिळतो आणि पुढच्या पडद्याला सुरू व्हायचा इशाराही. गिअर काढला की दोन्ही बंद. यातच एक गोम आहे. गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सचा स्विच खराब असेल तर दिवाही लागणार नाही आणि कॅमेराही नाही. कित्येक पिकअपचा हा पांढरा दिवा वर्षानुवर्षं बंद असतो आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. कॅमेरा बसवायच्या आधी तो दिवा लावून घ्या. पहाटे माल भरताना कॅमेऱ्याला दिसायलाही त्याचाच उजेड लागतो. कॅमेऱ्यावरचे बारके एलईडी जवळचं काहीतरी उजळतात, त्यापुढे अंधारच.

पिकअप १२ व्होल्टवर चालते, मोठा ट्रक २४ वर. ट्रकचा काढलेला जुना कॅमेरा स्वस्तात मिळतो म्हणून आणू नये. मागून पुढे येणारी वायर फ्लेक्सिबल पाईपमधून, चेसीच्या आतल्या बाजूने, सायलेन्सरपासून लांब न्यावी. पत्र्यातून जिथे आत शिरते तिथे रबरी बुश हवा, नाहीतर हादऱ्याने पत्रा वायर कापतो. पुढे फ्यूज हवाच. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पहिल्या पावसात हिरवा पडतो. उंदरांचं तर विचारू नका, चाळीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी ते कुरतडतातच. नवी गाडी वॉरंटीत असेल तर कुठली वायर तोडली यावरून पुढे वाद होऊ शकतो, म्हणून आधी शोरूमला विचारून, शक्य असेल तर त्यांच्याकडूनच बसवून घ्यावा.

बिनवायरचा कॅमेरा काही जण सुचवतात, वायर ओढायची कटकट नको म्हणून. स्वस्तातल्या संचात चित्र अडखळतं, उशिरा येतं, आणि आवारात शेजारच्या गाडीतही तसलाच संच असेल तर त्याचं चित्र आपल्या पडद्यावर यायची शक्यता असते. ज्या कामात अर्धा सेकंद महत्त्वाचा आहे तिथे हा धोका कशाला? पडदाही असा हवा की तो रिव्हर्स गिअर टाकल्यावरच पेटेल. कायम चालू राहणारा मोठा पडदा लावला की त्यावर गाणी आणि व्हिडिओ सुरू होतात, आणि मागचा धोका टाळायला गेलेली गाडी पुढे जाऊन आदळते.

आणखी एक बारीक पण जीवावरची गोष्ट. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटं हवं. डावीकडचा माणूस पडद्यावर डावीकडेच दिसला पाहिजे. बऱ्याच कॅमेऱ्यांत हे बदलायला वायरचं बारकं लूप दिलेलं असतं आणि वायरिंगवाला ते बघायला विसरतो. मग ड्रायव्हर माणसाला चुकवायला म्हणून स्टेअरिंग फिरवतो आणि गाडी त्याच्याच अंगावर जाते. पैसे द्यायच्या आधी एकाला मागे डाव्या बाजूला उभं करून हे तपासाच.

पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या, लाल रेघांवरही आंधळा विश्वास ठेवू नका. त्या कारखान्यात एका ठरावीक उंचीसाठी आखलेल्या असतात. आपल्या गाडीत कॅमेरा दुसऱ्याच उंचीवर आणि दुसऱ्याच कोनात बसतो, शिवाय माल भरला की मागची बाजू खाली दबते आणि कोन परत बदलतो. अमेरिकेच्या नियमात गाडीच्या मागे १० फूट रुंद आणि २० फूट लांब एवढी जागा पडद्यावर दिसली पाहिजे आणि गिअर टाकल्यापासून २ सेकंदांत चित्र आलं पाहिजे, असं मोजमाप आहे. तेच आपण घरी करून बघू शकतो. मोकळ्या जागेत गाडी लावून मागे तेवढा चौकोन फक्कीने आखायचा, त्यात जवळच्या दोन कोपऱ्यांत आणि मधोमध अडीच फूट उंचीचं काहीतरी ठेवायचं, एकावर एक दोन-तीन क्रेट चालतील. मग रिकाम्या गाडीने एकदा आणि भरलेल्या गाडीने एकदा बघायचं. जवळचे कोपरे दिसत नसतील तर कॅमेरा आणखी खाली झुकवायचा. लांबचं थोडं कमी दिसलं तरी चालेल. लेकरू चाकाजवळ असतं, लांब नसतं.

लपवलेला कॅमेरा म्हणजे पाळत नव्हे

मालक एक, ड्रायव्हर दुसरा, अशा गाड्यांत या कॅमेऱ्यावरून गैरसमज होतात. साधा रिव्हर्स कॅमेरा काहीच साठवून ठेवत नाही. गिअर काढला की चित्र गेलं. केबिनमध्ये लावायचा, रेकॉर्डिंग करणारा डॅशकॅम ही वेगळी वस्तू. काही मालक एकाच खर्चात दोन्ही उरकतात आणि ड्रायव्हरला सांगत नाहीत. पुढे कधीतरी ते उघडं पडतं आणि हंगामाच्या ऐन मध्यावर चांगला ड्रायव्हर गाडी सोडून जातो. बाहेरच्यांपासून कॅमेरा लपवायला हरकत नाही, पण गाडी चालवणाऱ्याला तो माहीत हवा, किंबहुना तो कुठे बसवायचा हे त्यालाच विचारावं. चिखल रोज त्यालाच पुसायचा आहे.

यात बाजार समित्यांनाही करण्यासारखं आहे. आवारात येणाऱ्या प्रत्येक गाडीला कॅमेरा सक्तीचा करा म्हणणं सोपं, पण वर्षात दोनदा भाड्याच्या गाडीतून माल आणणाऱ्या शेतकऱ्यावर त्याचा भार पडेल. त्याऐवजी पांढरा रिव्हर्स दिवा चालू नसलेली गाडी फाटकावरच थांबवून बल्ब बदलायला लावला, तर फार विरोध होणार नाही. गाड्या मागे घ्यायच्या पट्ट्यातून चहावाले आणि पायी फिरणाऱ्यांची वाट बाजूला काढणं, लिलाव चालू असताना त्या रांगेत कोणाला गाडी हलवू न देणं, हे तर फक्त शिस्तीचं काम आहे. त्याला निधी लागत नाही. आवाराची फी सगळेच भरतात, तेव्हा एवढं मागायचा हक्क शेतकऱ्याला आहे. उसाच्या ट्रॉल्यांचा प्रश्न याहून अवघड. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असताना एका कॅमेऱ्याने काही होत नाही. तिथे मागे उभा राहणारा माणूसच लागतो.

पिकअपलाही तो लागतोच. कॅमेरा आला म्हणून थाप मारणाऱ्याला सुट्टी देऊ नये. त्याने मात्र गाडीच्या बरोब्बर मागे उभं न राहता ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असं उभं राहावं. तो आरशातून दिसेनासा झाला की ड्रायव्हरने ब्रेक दाबायचा, थाप पडायची वाट बघायची नाही. आणि वस्तीवर गाडी सुरू करण्याआधी खाली उतरून एक फेरी मारायची, टायर बघायच्या निमित्ताने का होईना.

साधा कॅमेरा ऑनलाइन हजाराच्या आत मिळतो. छोट्या पडद्यासह, बसवणावळ धरून, चांगलं काम दोन-तीन हजारांत होतं. गाडीवर नाव रंगवायला, एलईडीच्या पट्ट्यांना आणि साउंडला याहून जास्त जातात. नीट वायर ओढून बसवायला अर्धा दिवस लागतो. हंगाम सुरू झाला की वायरिंगवाल्याकडे नंबर लागत नाही आणि घाईत तो जोडाला चिकटपट्टी मारून मोकळा होतो. म्हणून गाडी रिकामी उभी असते तेव्हाच हे काम उरकावं, आणि त्या दिवशी ड्रायव्हर सोबत असावा.